भिंत वस्तीची, किंमत सहीची

ऑक्टोबर २०१४. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचे क्लॅक्टन-ऑन-सी हे गाव पोटनिवडणुकीच्या धामधुमीत होते आणि प्रचारात स्थलांतरितांचा विषय तापला होता. त्याच दिवसांत गावातल्या एका भिंतीवर चित्र उमटले. तारेवर बसलेली करडी कबुतरे, त्यांच्यापाशी ‘परत जा’ असे बजावणारे फलक आणि थोड्या अंतरावर एकटाच बसलेला परदेशी हिरवा पक्षी. चित्र वंशद्वेषी असल्याची तक्रार आली आणि स्थानिक कौन्सिलने माणसे पाठवून ते पुसून टाकले. मग बँक्सी या अनामिक रस्ता-चित्रकाराने त्याच चित्राचा फोटो आपल्या संकेतस्थळावर टाकला. आपण काय पुसले हे कळल्यावर कौन्सिलने जाहीर केले की, बँक्सीने पुन्हा येऊन योग्य असे चित्र काढले तर त्याचे स्वागतच होईल.

चित्र तेच होते, भिंतही तीच होती. मधल्या काही तासांत चित्रकाराचे नाव तेवढे कळले.

बँक्सीविषयी लिहिताना बहुतेकांची लेखणी एकाच प्रश्नाभोवती फिरते: हा माणूस आहे तरी कोण? २००८ मध्ये एका ब्रिटिश रविवारच्या वृत्तपत्राने त्याचे खरे नाव शोधल्याचा दावा केला. त्यानंतरही शोध, तर्क आणि दावे चालूच राहिले. त्याने स्वतः मात्र आपली ओळख कधी जाहीर केली नाही. खरे तर त्याच्या प्रवासातला महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे. भिंतीवरचे कोणते चित्र गुन्हा आणि कोणते चित्र वारसा, हे कोण ठरवते? गेल्या पंचवीस वर्षांतल्या घटना पाहिल्या तर हा निवाडा बहुतेक वेळा सही पाहूनच झालेला दिसतो. चित्राकडे आणि ज्यांच्या दारात ते उमटले त्या माणसांकडे पाहिले जाते ते शेवटी.

बँक्सी ब्रिस्टलचा. पश्चिम इंग्लंडमधल्या या बंदराच्या शहरात १९८० च्या दशकात ग्राफिटीची जोरदार लाट आली होती. पुढे ‘मॅसिव्ह अटॅक’ या बँडमुळे जगभर गेलेला रॉबर्ट डेल नाया तेव्हा ‘थ्री-डी’ या नावाने तिथल्या भिंती रंगवत होता. बार्टन हिल या कामगार वस्तीतले युवा केंद्र हा ग्राफिटी करणाऱ्या मुलांचा अड्डा होता, कारण तिथे परवानगीने स्प्रे मारता येई. १९८९ मध्ये पोलिसांनी ‘ऑपरेशन अँडरसन’ नावाची मोहीम काढली, घरांवर छापे घातले आणि शहरातल्या अनेक ग्राफिटीवाल्यांना पकडले. या शहरात वाढलेल्या मुलाने तोंड लपवायला शिकावे, यात नवल नाही. पुढे ज्याला गूढ वलय म्हटले गेले, त्याची सुरुवात पोलिसांच्या साध्या भीतीतून झाली.

त्याच्या हाताला वळण लागले तेही पळापळीतच. आपल्या पुस्तकात त्याने सांगितलेला प्रसंग असा: अठरा वर्षांचा असताना सोबत्यांबरोबर रेल्वेचा डबा रंगवत असता पोलीस आले. बाकीचे निसटले, हा एका मालमोटारीखाली तेल अंगावर ठिबकत असताना लपून राहिला. तिथे पडल्यापडल्या इंधनाच्या टाकीवर साच्याने छापलेली अक्षरे त्याला दिसली. हाताने चित्र काढायला लागणारा वेळ निम्म्यावर आणला नाही तर आपले काही खरे नाही, हे त्याला उमगले. दारापुढे छापा ठेवून रांगोळी भुरभुरावी आणि छापा उचलताच नक्षी तयार मिळावी, तशी ही पद्धत. जाड पुठ्ठ्यात आकार कापण्याचे कष्ट घरी निवांत घ्यायचे. रस्त्यावर पुठ्ठा भिंतीला लावायचा, स्प्रे मारायचा आणि काही मिनिटांत निघून जायचे. कल्पना नवी नव्हती. पॅरिसमध्ये ब्लेक ल रा हा चित्रकार १९८१ पासून साच्याने भिंतींवर उंदीर छापत होता आणि बँक्सीच्या उंदरांवर त्याची छाप स्पष्ट आहे. मात्र साच्याने बँक्सीला वेगाबरोबर आणखी एक गोष्ट दिली. ग्राफिटीवाल्यांची वळणावळणांची अक्षरे मुख्यतः ग्राफिटीवाल्यांनाच वाचता येत. साच्यातली काळीपांढरी आकृती बसच्या खिडकीतून क्षणभर पाहणाऱ्यालाही कळते.

२००२ मध्ये लंडनच्या वॉटर्लू पुलाजवळ त्याने एक मुलगी काढली. तिचा हात पुढे आलेला आणि त्यातून सुटून गेलेला हृदयाच्या आकाराचा लाल फुगा. ही मुलगी फुगा सोडते आहे की धरू पाहते आहे, हे पाहणाऱ्यावर सोडलेले. चित्रकलेचे शिक्षण नसलेल्याला भिडावे आणि जाणकारालाही थांबवावे, असे चित्र रस्त्यावर सहसा सापडत नाही. बँक्सीचे मोठेपण मान्य करायला एवढा पुरावा पुरे आहे.

पुढची चढण वेगाची होती. २००३ मध्ये त्याने टेट ब्रिटन या कलादालनात वेश बदलून शिरून आपले चित्र स्वतःच भिंतीला चिकटवले; काही तासांनी गोंद सुटून ते खाली पडले. २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या चार नामवंत संग्रहालयांत त्याने हेच केले. त्याच वर्षी ब्रिटिश म्युझियममध्ये दगडाच्या तुकड्यावर काढलेला आदिमानव लावला. हा आदिमानव दुकानातली सामानाची ट्रॉली ढकलत होता. तो तुकडा तीन दिवस कुणाच्या लक्षात आला नाही. २०१८ मध्ये त्याच संग्रहालयाने तो तुकडा एका प्रदर्शनात मानाने मांडला. २००६ मध्ये लॉस एंजेलिसच्या गोदामातल्या प्रदर्शनाला हॉलिवूडचे तारे आले. तिथे गरिबीकडे लक्ष वेधण्यासाठी एक जिवंत हत्तीण भिंतीवरच्या कागदाच्या नक्षीप्रमाणे रंगवून उभी केली होती. प्राणिमित्रांनी त्यावर आक्षेप घेतला, आणि तो रास्तच होता. मुक्या जनावराला रंग फासून गरिबीवर भाष्य करणे कोणत्याही कलावंताला शोभत नाही. २००९ मध्ये ब्रिस्टलच्या ज्या नगर संग्रहालयाचा कारभार कौन्सिलकडे आहे, त्याच संग्रहालयाने त्याला आपली दालने दिली आणि तीन लाखांहून अधिक लोक ते विनामूल्य प्रदर्शन पाहून गेले. त्याचा माहितीपट २०११ च्या ऑस्कर नामांकनांत होता. एकेकाळी पोलीस ज्यांच्या मागे होते, त्यांच्यातल्या एकासाठी लोक आता रांगेत तासन्‌तास उभे होते.

बाकीच्यांचे काय झाले?

२००८ चा उन्हाळा या प्रश्नाचे उत्तर देतो. लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाने थेम्सकाठच्या आपल्या भव्य विटांच्या दर्शनी भिंतीवर जगभरातल्या सहा रस्ता-चित्रकारांना आणि गटांना रंगवायला बोलावले होते. फ्रान्सचा जेआर, ब्राझीलचे ओस जेमिओस, इटलीचा ब्लू अशी मातब्बर मंडळी. ते प्रदर्शन चालू असतानाच, जुलैमध्ये, तिथून चालत जाण्याच्या अंतरावरच्या सदर्क क्राउन कोर्टात ‘डीपीएम’ या ग्राफिटी गटातल्या तरुणांना शिक्षा झाल्या. देशभरात रेल्वेगाड्या रंगवून लाखो पौंडांचे नुकसान केल्याचा आरोप होता. त्यांतल्या काहींना एक ते दोन वर्षांचा तुरुंगवास मिळाला. रेल्वेचे नुकसान खरे होते आणि त्याची भरपाई कुणी तरी करायलाच हवी होती, हे नाकारण्याचे कारण नाही. पण तेच साहित्य, तोच वारसा, तीच परंपरा; एका इमारतीत तिचा गौरव आणि दुसऱ्या इमारतीत तिच्यासाठी कोठडी, हे चित्र कोणत्याही संवेदनशील समाजाला अस्वस्थ करणारे आहे.

आणखी एक कहाणी ग्राफिटीच्या जगातलीच. लंडनच्या कॅम्डन भागात कालव्याच्या काठी किंग रॉबो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्राफिटीवाल्याने १९८५ मध्ये रंगवलेली अक्षरे होती. इतक्या जुन्या ग्राफिटीचे फारच थोडे नमुने शहरात उरले होते. २००९ च्या अखेरीस बँक्सीने त्यांच्यावर आपले चित्र काढले: भिंतीला कागद चिकटवणारा कामगार, जणू रॉबोची अक्षरे हाच तो कागद. रॉबो निवृत्तीतून परत आला, त्याने उत्तर दिले, बँक्सीने प्रत्युत्तर दिले, आणि भिंत दोघांच्या रंगांनी पुनःपुन्हा बदलत गेली. रॉबोला २०११ मध्ये डोक्याला गंभीर इजा झाली. तो त्यातून बरा झाला नाही आणि २०१४ मध्ये गेला. त्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्या जुन्या ग्राफिटीवाल्यांचे म्हणणे साधे होते. भिंतीवरचा वारसा जपायचा तर तो फक्त गाजलेल्या माणसाचा का? त्यांचे म्हणणे बरोबर होते.

प्रसिद्धीचा दुसरा परिणाम भिंतींनी भोगला. उत्तर लंडनमधल्या वुड ग्रीन या कष्टकरी वस्तीत मे २०१२ मध्ये एका स्वस्त मालाच्या दुकानाच्या बाजूच्या भिंतीवर चित्र आले: शिलाई यंत्रावर वाकून ब्रिटिश झेंड्यांच्या पताका शिवणारा गरीब मुलगा. राणीच्या कारकिर्दीच्या हीरक महोत्सवाचे ते दिवस होते. वस्तीने ते चित्र आपले मानले. फेब्रुवारी २०१३ मध्ये एके दिवशी भिंतीचा तेवढा तुकडा कापून नेलेला आढळला आणि लवकरच तो अमेरिकेत मायामीच्या लिलावात पाच ते सात लाख डॉलरच्या अंदाजाने मांडला गेला. रहिवासी आणि तिथले कौन्सिल यांनी आवाज उठवला, लिलावातून चित्र मागे घेतले गेले. काही महिन्यांनी मात्र ते लंडनमध्येच साडेसात लाख पौंडांहून अधिक किमतीला विकले गेले. बालमजुरीवरचे ते चित्र ज्या रस्त्यावर काढले होते, तिथल्या लोकांच्या वाट्याला भिंतीवरचे ठिगळ आले.

कायदा अशा वेळी मालकाच्या बाजूने असतो. फोकस्टोन या किनाऱ्यावरच्या गावात २०१४ मध्ये बँक्सीने काढलेले चित्र तिथल्या खेळयंत्रांच्या दालनाच्या भाडेकरूंनी भिंतीसकट काढून मायामीला पाठवले. प्रकरण लंडनच्या उच्च न्यायालयात गेले. सप्टेंबर २०१५ मध्ये निकाल लागला की, भिंतीचा काढलेला तुकडा भाडेकरूचा नसून जागेच्या मूळ मालकाचा आहे. मालकाने आपला हक्क आधीच गावातल्या एका कलासंस्थेला दिला होता, म्हणून चित्र गावात परतले. गावाचे नशीब चांगले. मालकाने विकायचे ठरवले असते तर कायद्याने त्याला अडवले नसते.

ब्रिस्टलमध्ये याहून वेगळे घडू शकले, ते बँक्सीमुळे. २०१४ मध्ये मोबाइलच्या उजेडात एकमेकांना मिठी मारलेल्या जोडप्याचे चित्र त्याने एका दारावर बसवलेल्या फळीवर काढले. जवळच पैशांअभावी बंद पडायला आलेला मुलांचा एक जुना क्लब होता. क्लबच्या चालकाने ती फळी पहारीने काढून आत नेली आणि ती कुणाची यावरून कौन्सिलशी वाद झाला. बँक्सीने पत्र पाठवून क्लबने ती ठेवावी असे कळवले. ती चार लाख तीन हजार पौंडांना विकली गेली आणि क्लब तगला. २०२० मध्ये साउथॅम्प्टनच्या रुग्णालयाला दिलेले, परिचारिकेची बाहुली हातात घेऊन खेळणाऱ्या मुलाचे चित्र पुढच्या वर्षी १ कोटी ६७ लाख पौंडांना गेले आणि त्यातून आरोग्यसेवेला मदत मिळाली. भूमध्य समुद्रात बुडणाऱ्या स्थलांतरितांना वाचवणाऱ्या ‘लुईज मिशेल’ या बोटीलाही त्याने पैसा दिला. रस्त्यावरून कमावलेले नाव रस्त्याकडे परत वळवण्याची ही वृत्ती दुर्मीळ आहे. त्याच्या नावाने उभ्या राहिलेल्या ‘पेस्ट कंट्रोल’ या कार्यालयाचे धोरणही याच जातीचे. कॅनव्हास आणि छापील चित्रांना ते खरेपणाचे प्रमाणपत्र देते, रस्त्यावरून उपटलेल्या चित्रांना देत नाही.

तरीही बाजार नावावरच चालतो, हे त्याने स्वतः दोनदा दाखवून दिले आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळ एक वयस्कर माणूस टेबल मांडून बँक्सीची खरी चित्रे ६० डॉलरला एक अशी विकत बसला होता. नावाची पाटी नव्हती. दिवसभरात आठ चित्रे खपली, त्यांतली दोन एका बाईंनी घासाघीस करून निम्म्या भावात नेली, आणि गल्ला झाला ४२० डॉलरचा. त्यांतली दोन चित्रे पुढच्याच वर्षी लंडनच्या लिलावात सव्वा लाख पौंडांच्या आसपास गेली. दुसरा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. ५ ऑक्टोबर २०१८ रोजी सदबीज या लिलावगृहात फुगेवालीचे चित्र १० लाख ४२ हजार पौंडांना विकले गेले आणि हातोडा पडताच चौकटीत दडवलेल्या यंत्राने कॅनव्हासच्या पट्ट्या केल्या. यंत्र मध्येच थांबले. अर्धे फाटलेले ते चित्र तीन वर्षांनी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, १ कोटी ८५ लाख पौंडांना गेले. बाजाराविरुद्धचा निषेधही बाजाराने अठरा पट भावाने विकत घेतला.

आणि अनामिकपणाची किंमतही त्याला मोजावी लागली. दगडाऐवजी फुलांचा गुच्छ भिरकावणाऱ्या निदर्शकाचे त्याचे चित्र त्याने व्यापारचिन्ह म्हणून नोंदवले होते. शुभेच्छापत्रे छापणाऱ्या एका कंपनीने त्याला आव्हान दिले. सप्टेंबर २०२० मध्ये युरोपीय संघाच्या बौद्धिक संपदा कार्यालयाने ती नोंदणी रद्द केली. चिन्ह वापरण्याचा खरा हेतू नव्हता, हे मुख्य कारण. ओळख लपवणाऱ्याला त्या चित्राचा निर्विवाद मालक म्हणून सिद्ध होता येत नाही, अशी अडचणही निकालात नोंदवली गेली. तरीही त्याने तोंड उघड केले नाही. त्याच्या या निर्णयाचा मान राखायला हवा. चेहरा नसल्याने चित्र आणि पाहणारा यांच्यामध्ये तिसरा कुणी येत नाही. मुलाखतीत स्पष्टीकरण देणारा, समारंभांना जाणारा, जाहिरातीत हसणारा बँक्सी त्या भिंतीवरच्या मुलीला काहीही देऊ शकला नसता.

दुकानाच्या शटरवर रात्रीतून कुणी वेडेवाकडे गिरबटून गेले, तर ते घासून काढणाऱ्या दुकानदाराचा राग खोटा नसतो. आपल्या घराच्या भिंतीवर काय असावे, हा त्याचा हक्कच आहे. पण नियम सर्वांना सारखा लागत नाही, इथे खरी अडचण आहे. चेल्टनहॅममध्ये २०१४ मध्ये बँक्सीने संरक्षित वारसा यादीतल्या घराच्या भिंतीवर, टेलिफोन बूथभोवती चोरून ऐकणारे तीन हेर काढले. तिथे कौन्सिलने पुढच्या वर्षी मागाहून परवानगी देऊन ते चित्र कायदेशीर केले. सप्टेंबर २०२५ मध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट्स ऑफ जस्टिसच्या भिंतीवर हातोड्याने निदर्शकाला मारणारा न्यायाधीश त्याने काढला, तेव्हा मात्र चित्र लगेच झाकले गेले, काही दिवसांतच घासून काढले गेले आणि प्रकरण पोलिसांकडे गेले. कारण दिले गेले ते इमारत संरक्षित असल्याचे. पॅलेस्टाइनच्या प्रश्नावर ब्रिटनमध्ये शेकडो निदर्शकांना अटक होत असतानाचे ते दिवस होते. एका संरक्षित भिंतीसाठी मार्ग निघतो आणि दुसरीसाठी निघत नाही, याचा अर्थ नियमापेक्षा चित्र कुणाला बोचते हे जड ठरते.

भारतात हा प्रश्न परका नाही. दिल्लीत देवनागरी अक्षरांत सही करणारा ‘डाकू’ आणि मुंबईत साच्याने राजकीय चित्रे काढणारा ‘टायलर’ हे दोघेही ओळख झाकूनच काम करत आले आहेत. महाराष्ट्रात १९९५ पासून मालमत्तेच्या विद्रूपीकरणाला प्रतिबंध करणारा कायदा आहे. दुसरीकडे स्वच्छता सर्वेक्षणाच्या निमित्ताने महापालिका उड्डाणपुलांचे खांब आणि शाळांच्या भिंती रंगवून घेतात, आणि २०१७ मध्ये मुंबईच्या ससून डॉकवर भरलेल्या कलाप्रकल्पात तिथल्या कोळी स्त्री-पुरुषांचे चेहरे भिंतींवर आले, ते पाहायला शहर लोटले. परवानगीच्या चित्रांना अशी दाद देणाऱ्या शहरांनी विनापरवाना चित्राबाबत एवढेच ठरवावे की, ते पुसण्याआधी किंवा काचेत बंद करण्याआधी तिथे राहणाऱ्यांचे मत घ्यायचे.

हे स्वप्नरंजन नाही. २००६ मध्ये ब्रिस्टलच्या पार्क स्ट्रीटवर, लैंगिक आरोग्याचा दवाखाना असलेल्या इमारतीच्या भिंतीवर, खिडकीला लोंबकळणारा नग्न प्रियकर बँक्सीने काढला होता. कौन्सिलच्या कार्यालयापासून ती भिंत फार लांब नाही. तेव्हा कौन्सिलने नागरिकांना विचारले: ठेवायचे की पुसायचे? उत्तर देणाऱ्यांतल्या प्रचंड बहुमताने ठेवा असे सांगितले आणि चित्र राहिले. हीच पद्धत बार्टन हिलच्या नवख्या पोराला आणि धारावीतल्या अनोळखी मुलीलाही लागू झाली पाहिजे. पुण्या-मुंबईच्या महापालिकांनी पुढच्या वेळी चुन्याची बादली उचलण्याआधी त्या गल्लीतल्या रहिवाशांना बोलवावे, चित्र दाखवावे आणि त्यांचा कौल पाळावा.